दूध संकलनाचा प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला करायचाय, पण पुढे कुणी त्याला कुलूप घालू नये. कोणता परवाना लावू?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण मागचं-पुढचं सांगितल्याशिवाय तुम्हालाही उत्तर देता येणार नाही, म्हणून सगळं लिहितो.

मी वाळवा तालुक्यातला. २०१६ साली आमच्या गावच्या दूध संस्थेसाठी एक प्रोग्रॅम लिहिला. त्याआधी सचिव रजिस्टरला नोंदी करायचे आणि दर दहा दिवसांनी बिलं काढायची वेळ आली की दोन-दोन रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसायचे. माझा प्रोग्रॅम काट्यावरून लिटर घेतो, टेस्टरवरून फॅट घेतो, दुधाचा दाटपणा मोजणाऱ्या लॅक्टोमीटरची डिग्री बघून हातानं टाकायची. मग एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग, काढून दरपत्रकातला दर उचलतो आणि पावती देतो. दहा दिवसांनी पेंडीचे पैसे, उचल वगैरे कापून बिल. पायथनमध्ये लिहिलाय, डेटा एसक्यूलाइटमध्ये. पावती मराठीत आहे, कारण पहिल्या आठवड्यात इंग्रजी पावती दिली तेव्हा निम्मे लोक ती काउंटरवरच ठेवून गेले होते.

पेन ड्राइव्हवरून तो शेजारपाजारच्या गावांत गेला. आज सात संस्थांमध्ये चालतो. कुणाकडून पैसे घेतले नाहीत आणि कुणाला काही लिहूनही दिलं नाही.

आता अडचण. शेजारच्या तालुक्यात कॉम्प्युटरचा धंदा करणारे एक गृहस्थ हाच प्रोग्रॅम नाव बदलून विकतायत. विकण्याबद्दल माझी तक्रार नाही. ते अकरा गावांत जाऊन काटा जोडून देतात, त्याचे पैसे त्यांनी घ्यावेत. पण त्यांनी त्याला कुलूप घातलंय. वर्षाची फी संपली की ऐन बिलाच्या मध्यावर प्रोग्रॅम बंद. आणि कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा लिहिलेला मूळ मजकूर, कुणालाच देत नाहीत.

हे मला कळलं ते मावशीमुळे. तिच्या गावच्या संस्थेत हाच प्रोग्रॅम आहे. दिवाळीत गेलो होतो तेव्हा तिनं देवघराच्या कोनाड्यातून रबर लावलेला पावत्यांचा गठ्ठा काढला. सगळ्या पावत्या तारीखवार लावलेल्या. म्हणाली, "तुमच्यात अठ्ठावीस डिग्रीला जेवढी एसएनएफ बसते तेवढी आमच्यात का बसत नाही रे?" पावतीवर फॅट ३.५, डिग्री २८, एसएनएफ ८.१. आमच्या संस्थेत याच दोन आकड्यांना ८.३ येते. मी तिथंच पावतीच्या पाठीवर गणित मांडलं. डिग्री भागिले ४ म्हणजे ७. त्यात फॅट गुणिले ०.२५, म्हणजे ०.८७५, आणि वर ०.४४ मिळवले की ८.३१५. हे आमचं सूत्र. तेच फॅट गुणिले ०.२१, म्हणजे ०.७३५, आणि वर ०.३६ धरले की ८.०९५. हे तिच्या पावतीवरचं. दोन्ही सूत्रं वापरात आहेत, खोटं कुठलंच नाही. पण गाईच्या दुधाचा दर ३.५ आणि ८.५ ला धरलेला असतो, त्याखाली एसएनएफच्या एकेका पॉइंटला कपात. म्हणजे सकाळ-संध्याकाळ, बारा महिने, दोन पॉइंटांचा फरक.

त्यांच्या दूध संघानं तेच सूत्र ठरवून दिलं असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण तिथल्या सचिवांनाच ते माहीत नव्हतं. त्यांनी माझ्यासमोर विक्रेत्याला फोन लावला. उत्तर आलं, "ते आत बसवलेलं असतं, बघता येत नाही." माझ्या मूळ प्रोग्रॅममध्ये सूत्र सेटिंगच्या खिडकीत उघडं होतं. ती खिडकीच काढून टाकलीय. मावशी तेव्हापासून मला विचारतेय की तू लिहिलेलं आहे तर तुला का दिसत नाही.

म्हणून मला काय हवंय ते सांगतो. कुणीही घ्यावा, वाटावा, बदलावा, विकावासुद्धा. पण तो ज्याच्या हातात जाईल त्याला आतलं गणित बघता आलंच पाहिजे, आणि पुढच्यालाही. एकजण म्हणाला, कोड इंटरनेटवर टाक की झालं. तेवढ्यानं भागतं का?

अजून दोन गोष्टी लपवत नाही. २०१९ पर्यंत मी एका साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात नोकरीला होतो. हा प्रोग्रॅम घरी, रात्री, स्वतःच्या लॅपटॉपवर लिहिला, पण काट्यावरून वजन वाचणारा तुकडा कारखान्याच्या गाडीकाट्यासाठी मी लिहिलेल्या कोडवरून उचललाय. आणि बिलाचा अर्धा भाग माझ्या भाच्यानं लिहिलाय.

टर्मिनल_पुणे

वारणाकाठ, सूत्राचं इतकं नीट लिहिलंत त्याबद्दल आधी आभार. मी तीस वर्षं दूध पितोय आणि डिग्री म्हणजे काय ते आज कळलं.

कोड नुसता इंटरनेटवर टाकून भागत नाही. उलट गैरसमज वाढतो. तुम्ही काहीच लिहिलं नाही तर कायद्यानं सगळे हक्क तुमच्याकडेच राहतात. लोकांना कोड दिसेल, पण तो बदलायची, वाटायची परवानगी कागदावर कुणालाच नाही. तुमच्या सात गावांनाही नाही आणि त्या विक्रेत्यालाही नाही. "मी कधी कुणाला अडवलं नाही" हे तुमच्या मनात आहे, फाइलमध्ये नाही. परवाना म्हणजे ते मनातलं लिहून ठेवणं.

परवाने ढोबळ मानानं दोन जातीचे. एक सैल: एमआयटी, बीएसडी, अपाची. एमआयटीचा मजकूर तर पोस्टकार्डावर मावेल. माझं नाव आणि ही सूचना ठेवा, बाकी हवं ते करा, माझी हमी काही नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो लावलात तर तुमच्या त्या गृहस्थांनी जे केलं ते कायदेशीर होईल, फक्त कुठल्यातरी कोपऱ्यात तुमचं नाव छापावं लागेल. म्हणजे तुमच्या कामाचा नाही.

दुसरी जात जीपीएलची. बघा, वाटा, बदला, विका. पण ज्याला प्रोग्रॅम द्याल त्याला त्याचा कोडही द्या, तुम्ही बदल केले असतील तर बदलांसकट, आणि याच परवान्याखाली. म्हणजे पुढच्यालाही तेच हक्क आपोआप मिळतात आणि साखळी तुटत नाही. सध्याची आवृत्ती तिसरी, २००७ सालची. तुम्ही पोस्टमध्ये जे मागितलंय ते जवळजवळ शब्दशः हेच आहे.

एक गोष्ट लोक चुकीची समजतात म्हणून सांगतो. बदल केलेला कोड जगजाहीर करायचं बंधन जीपीएल घालत नाही. ज्या संस्थेला प्रोग्रॅम दिला तिला कोड द्यायचा. एखाद्या संस्थेनं स्वतःपुरता बदल करून स्वतःच वापरला तर तिनं कुणालाच काही द्यायची गरज नाही. आपल्या भाषेत मुक्त आणि मोफत हे दोन वेगळे शब्द आहेत, तसंच हे आहे. मुक्त प्रोग्रॅम हजार रुपयांना विकता येतो. मोफत मिळालेला प्रोग्रॅम कुलूपबंद असू शकतो.

पुढेमागे हे सगळं वेबवर नेणार असाल, म्हणजे संस्था ब्राउझरमध्ये उघडणार आणि प्रोग्रॅम तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरवर चालणार, तर एजीपीएल बघा. साध्या जीपीएलमध्ये सर्व्हरवर चालवणं म्हणजे "देणं" होत नाही, त्यामुळे कोड द्यायचं बंधन लागत नाही. एजीपीएलनं ती फट बुजवलीय.

आता माझा एक प्रश्न. खिडक्या, बटणं कशात केलीत? टीकेइंटरमध्ये की पायक्यूटीमध्ये?

वारणाकाठ

पायक्यूटी ५. का?

टर्मिनल_पुणे

मग अर्धा निर्णय झालेलाच आहे. पायक्यूटी जीपीएल ३ खाली मिळतं, नाहीतर पैसे भरून व्यावसायिक परवाना घ्यावा लागतो. जीपीएलवालं घेऊन त्यावर प्रोग्रॅम बांधला आणि लोकांना दिला, तर तो आख्खा प्रोग्रॅम जीपीएलच्या अटींवरच द्यावा लागतो. तुम्ही पेन ड्राइव्हवर उघड्या पायथन फाइलीच देत होतात, त्यामुळे कोड तरी सोबत होता. त्या गृहस्थांनी त्याची कुलूपबंद एक्झी (नुसती चालवता येणारी, आतला कोड न दिसणारी फाइल) केली असेल आणि व्यावसायिक परवाना घेतला नसेल, तर तुमच्याबरोबरच पायक्यूटीच्या अटीही मोडल्यात.

पावतीचा फाँट कोणता?

वारणाकाठ

मुक्ता. इंटरनेटवरून उतरवलेला, प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्येच ठेवलाय.

टर्मिनल_पुणे

उत्तम. मुक्ता मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फाँट बनवणाऱ्या मंडळींनी केलेला आहे आणि ओपन फाँट लायसन्सखाली आहे. प्रोग्रॅमसोबत द्यायला पूर्ण मोकळीक. नुसता फाँट वेगळा काढून विकायचा नाही आणि त्याची परवान्याची फाइल सोबत ठेवायची, एवढंच. बघून घ्या फोल्डरमध्ये आहे का. बहुतेक जण फाँटची टीटीएफ फाइल तेवढी उचलतात आणि ती फाइल मागेच राहते.

पहाटपाळी

मी एका संस्थेचा सचिव आहे, अठरा वर्षं. कॉम्प्युटरमधलं फार कळत नाही, पण एक भीती आहे ती बोलतो.

कुणीही बदलू शकतो म्हणताय. मग उद्या एखाद्या सचिवानं किंवा त्याच्या मुलानं सूत्रच बदललं, फॅट एका पॉइंटनं खाली घेतली, तर? आज निदान कुणाला आत हात घालता येत नाही. आणि मग उत्पादक भांडायला माझ्याकडे येणार की वारणाकाठांकडे जाणार? ऑडिटला काय सांगायचं? आमच्याकडं पहाटे पाचला रांग लागते, एकाची पावती चुकली तर मागची चाळीस माणसं थांबतात.

वारणाकाठ

सचिवसाहेब, तुमची भीती खरी आहे आणि मीही यावर बरेच दिवस विचार केलाय. माझं म्हणणं पटतंय का बघा.

आत हात घालता येत नाही, हे तुम्हाला आणि मला. ज्याच्याकडे किल्ली आहे त्याला येतोच. मावशीच्या गावात सूत्र कुणीतरी बसवलंच ना, आणि ते कोणतं ते सचिवांना कळत नव्हतं. म्हणजे पावतीखाली सही तुमची आणि गणित दुसऱ्याचं. उघडं असेल तर निदान दोन गावांच्या फाइली शेजारी ठेवून फरक कुठल्या ओळीत आहे ते दाखवता येतं. आमच्याकडे एकदा असं झालंय. दुसऱ्या गावच्या पोरानं गोलाई करताना दुसरा दशांश नुसता कापून टाकला होता, त्यामुळे ८.०९ ची ८.० व्हायची. ते सापडायला दहा मिनिटं लागली, कारण दोन्ही फाइली उघड्या होत्या. आणि ते पोरगं लबाड नव्हतं, त्याला गोलाईची पद्धत माहीत नव्हती.

तुमच्या बोलण्यावरून एक मात्र सुचलं. पावतीच्या खालच्या ओळीत प्रोग्रॅमची आवृत्ती आणि सूत्राचे दोन आकडे छापायचे: "०.२५ / ०.४४" असे. कुणी सूत्र बदललं तर पावतीवर दिसेल. छापायची ओळ कुणी काढूनही टाकू शकतो, मान्य. पण मग ओळ नाही हेच लोकांच्या लक्षात येईल. मावशीसारखी माणसं पावत्या जपून ठेवतात.

कलम_सतरा

मी सांगलीत वकिली करतो. वर तांत्रिक बाजू चांगली आलीय, कायद्याची बाजू मी सांगतो. हा सल्ला सर्वसाधारण समजा, कागद बघून दिलेला नाही.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम हा "साहित्यकृती" या व्याख्येत येतो, कथा-कवितेच्या पंगतीत. हक्क लिहिताक्षणी निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही, मात्र केली तर वादात पहिला पुरावा म्हणून उपयोगी पडते.

कलम १७ प्रमाणे नोकरीत, नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक नोकरी देणारा असतो, वेगळा करार नसेल तर. त्यामुळे वारणाकाठ, घरी रात्री लिहिलेल्या दुधाच्या प्रोग्रॅमवर कारखान्याचा हक्क सांगणं अवघड आहे, पण गाडीकाट्याचा तो तुकडा कारखान्याचा आहे. तो तुम्ही स्वतः लिहिलात हे खरं, तरी तुमचा नाही. जे आपलं नाही त्यावर आपण परवाना देऊ शकत नाही. एकतर कारखान्याकडून लेखी परवानगी घ्या, नाहीतर तो तुकडा काढून नव्यानं लिहून घ्या. आणि नव्यानं म्हणजे जुना समोर ठेवून शब्द बदलणं नव्हे. ज्यानं जुना पाहिलेला नाही अशा माणसाकडून काट्याच्या माहितीपुस्तिकेवरून लिहून घ्या.

भाच्याचं: बिलाच्या भागाचा हक्क त्याचा आहे. घरचा आहे म्हणून गृहीत धरू नका. त्याच्याकडून लेखी घ्या. हक्क तुमच्या नावावर करायची गरज नाही, तोही त्याच परवान्याखाली देतोय एवढं पुरे. दोघांची नावं लावा.

आता एक मुद्दा जो परदेशी लेखांत सापडत नाही. कलम ३० म्हणतं परवाना लेखी हवा. कलम ३०-अ नुसार कलम १९ च्या तरतुदी परवान्यालाही लागतात, आणि कलम १९ मध्ये आहे की मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरायचा. एमआयटीच्या मजकुरात मुदतीचा उल्लेख नाही. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीतही नाही. तिसऱ्या आवृत्तीच्या दुसऱ्या कलमात मात्र स्पष्ट लिहिलंय की हे हक्क कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी आहेत आणि अटी पाळल्या तर मागे घेता येणार नाहीत. आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं चालतो. माझ्या अशिलाला मी तिसरी आवृत्तीच सुचवेन, आणि वर मराठीत एक ओळ जोडा म्हणेन: "मुदत: कॉपीराइटची पूर्ण मुदत. प्रदेश: संपूर्ण जग."

सचिवसाहेबांच्या प्रश्नावर: जीपीएलच्या १५ व्या आणि १६ व्या कलमात हमी आणि नुकसानभरपाईची जबाबदारी नाकारलेली आहे. वारणाकाठांना त्याचा आधार आहे. पण संस्था आणि तिचे उत्पादक यांच्यातला हिशोब संस्थेचाच. कोणताही प्रोग्रॅम वापरा, कुलूपबंद किंवा उघडा, ती जबाबदारी सचिवांच्या टेबलावरून हलत नाही.

श्टुटगार्टकर

मूळ गाव इस्लामपूरजवळचं, त्यामुळे राहवलं नाही. मी इथं गाड्यांच्या सॉफ्टवेअरवर काम करतो आणि कुठल्या भागाला कोणता परवाना आहे हे तपासणं हे माझं रोजचं काम आहे.

"असल्या परवान्याला कोर्टात कोण विचारतं" असं कुणी म्हणेल, म्हणून सांगतो. २००४ मध्ये इथल्या म्युनिकच्या न्यायालयानं एका राउटर विकणाऱ्या कंपनीला मनाई केली होती. त्यांच्या राउटरमध्ये जीपीएलखालच्या लिनक्स या प्रणालीचा नेटफिल्टर हा भाग होता आणि त्यांनी ना कोड दिला होता ना परवान्याचा मजकूर. न्यायालयाचा तर्क सरळ होता: परवाना मान्य नसेल तर वाटायचा हक्कच नाही. अमेरिकेत २००८ मध्ये असाच निकाल आला तो खेळण्यातल्या रेल्वेच्या प्रोग्रॅमवरून. एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकानं हौसेनं रेल्वेची मॉडेल्स चालवायचा प्रोग्रॅम केला होता, परवाना वेगळा होता, जीपीएल नव्हता. कुणीतरी त्यातल्या फाइली उचलल्या आणि मूळ लेखकांची नावं काढली. वरच्या न्यायालयानं म्हटलं की फुकट दिलं म्हणून अटी पोकळ होत नाहीत, त्या मोडल्या तर कॉपीराइट मोडला. तुमच्या दूध संस्थेपेक्षा ती खेळण्यातली रेल्वे काही मोठी नव्हती.

पण कोर्टाच्या आधीची पायरी जास्त उपयोगी. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरचं उदाहरण घ्या. त्यात लिनक्स आहे हे लोकांनी शोधून काढलं, कोड मागितला, आणि २००३ मध्ये कंपनीनं तो खुला केला. त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं, जे आज जगभर शेकडो प्रकारच्या राउटरवर चालतं. तेव्हा त्या गृहस्थांना आधी साधं पत्र लिहा. जीपीएल ३ मध्येही तसाच मार्ग ठेवलाय: पहिल्यांदा चूक दाखवून दिल्यावर ३० दिवसांत सुधारली तर हक्क परत मिळतात. त्यांना शत्रू करू नका. अकरा गावांत काटे जोडून देणारा माणूस तुम्हाला लागणारच आहे.

कामाच्या गोष्टी: प्रत्येक फाइलच्या डोक्यावर वर्ष, नावं आणि परवान्याचं नाव लिहा. जीपीएलचा पूर्ण मजकूर, जसाच्या तसा, इंग्रजीत, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. मराठीत समजावून लिहा, जरूर लिहा, पण त्यावर स्पष्ट टाका की हे समजण्यापुरतं आहे, बंधनकारक मजकूर इंग्रजीच. जीपीएल लिहिणारी संस्था कुठलंच भाषांतर अधिकृत मानत नाही. भाषांतरातली एक चूक जगभरच्या प्रोग्रॅमांना भोवेल, ही त्यांची भीती.

मोकळं_रान

माझं मत वेगळं आहे. मी माझं सगळं काम एमआयटीखाली देतो. जेवढा परवाना सैल तेवढं काम लांब पोचतं. कंपन्या जीपीएल म्हटलं की हात लावत नाहीत. तुमचा प्रोग्रॅम आख्ख्या महाराष्ट्रात जावा असं वाटत असेल तर अटी घालू नका. एकानं कुलूप लावलं तरी तुमची उघडी प्रत कुठं जातेय? ती तर राहतेच.

वारणाकाठ

तुमचं म्हणणं मी दोन दिवस मनात घोळवलं, कारण ते चुकीचं नाही. वजन वाचणारी लायब्ररी, पावती छापणारा तुकडा, असं काही असतं तर मीही एमआयटीच लावला असता. ते कुणीही कुठंही वापरावं.

पण माझी उघडी प्रत माझ्या लॅपटॉपवर राहून मावशीला काय उपयोग? तिचं दूध ज्या प्रोग्रॅममधून मापलं जातं त्याचीच प्रत उघडी पाहिजे. प्रोग्रॅम वापरतो सचिव, पण त्याचा परिणाम होतो तो रांगेत किटली घेऊन उभ्या असलेल्या माणसावर, आणि त्याला प्रोग्रॅम निवडायचा अधिकारच नाही. गावात संस्था एक, काटा एक. लांब पोचलं नाही तरी चालेल, जिथं पोचेल तिथं उघडं पोचू दे.

या सगळ्या चळवळीची सुरुवातही अशाच एका अडलेल्या यंत्रापासून झाली असं वाचलं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये बदल केला होता, कागद अडकला की लोकांना निरोप जायचा. नवीन प्रिंटर आला त्याचा कोड मिळेना. ज्याच्याकडे होता त्यानं कुणाला देणार नाही असं लिहून दिलेलं. पुढे १९८३ मध्ये त्यांनी ग्नू हा मुक्त प्रोग्रॅमांचा प्रकल्प जाहीर केला. ते वाचताना मला आमच्या सचिवांचा तो फोन आठवत होता.

वारणाकाठ (तीन महिन्यांनंतर)

ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांना काय झालं ते सांगायला हवं.

जीपीएल ३ लावला. गाडीकाट्याचा तुकडा काढला. १४० ओळी होत्या, हात जड झाला, पण काढला. भाच्यानं तो कधी पाहिला नव्हता. त्याला काट्याची पुस्तिका दिली आणि मी त्या खोलीतही थांबलो नाही. त्यानं पायसीरियल हा जोडलेल्या यंत्राकडून आकडे वाचणारा तयार तुकडा वापरून ६० ओळींत केलं आणि माझ्यापेक्षा चांगलं केलं. काटा स्थिर होईपर्यंत थांबतो, माझं थांबायचं नाही. त्याच्याकडून वहीच्या पानावर लिहून घेतलं: मी लिहिलेला भाग याच परवान्याखाली देतोय. तो हसला, म्हणाला मामा, माझ्याकडून सही? मी म्हटलं हो, तुझं आहे म्हणून.

मुक्ताची परवान्याची फाइल खरंच नव्हती. आता आहे. पावतीच्या तळाला सूत्राचे आकडे आणि आवृत्ती छापतोय. मराठीत दोन पानांचा खुलासा लिहिला, वकीलसाहेबांनी सांगितलेली मुदतीची ओळ आणि श्टुटगार्टकरांनी सांगितलेली सूचना दोन्ही घालून. सातही संस्थांना नवीन प्रत स्वतः जाऊन दिली, कोडसकट.

विक्रेत्यांना पोस्टानं पत्र टाकलं. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला, आधी आवाज चढलेला होता. म्हणाले, मी त्यात ब्लूटूथ काटा घातलाय, ती माझी मेहनत आहे. मी म्हटलं मेहनतीचे पैसे घ्या, वर्षाला घ्या, दुरुस्तीचे घ्या. फक्त कुलूप काढा आणि ज्यांना विकलाय त्यांना कोड द्या. तुमचं नावही लेखकांच्या यादीत तुमच्या भागापुढं लागेल. हे नावाचं ऐकून ते थोडे थांबले. आतापर्यंत अकरापैकी चार संस्थांना कोड मिळालाय. बाकीच्यांना पाडव्यापर्यंत देतो म्हणालेत. ब्लूटूथचा भाग मी पाहिला, चांगला केलाय. आमच्या गावात पुढच्या महिन्यात बसवतोय.

त्या चारांत मावशीची संस्था आहे. सचिवांनी आणि मी मिळून फाइल उघडली. ओळ सापडली: ०.२१ आणि ०.३६. त्यांनी संघाचं जुनं परिपत्रक कपाटातून काढलं, त्यात हेच सूत्र होतं. म्हणजे विक्रेत्यानं खोटं काही केलेलं नव्हतं, आणि हे मी त्यांना फोन करून सांगितलं. सचिवांनी सूत्र खडूनं फलकावर लिहिलं, दराच्या शेजारी.

मावशीची एसएनएफ अजून ८.१ च येते. तिनं आणि आणखी बावीस उत्पादकांनी संघाला अर्ज दिलाय, शेजारच्या तालुक्यात ०.२५ आणि ०.४४ धरतात तर आपल्याकडं दुसरं सूत्र कशावरून ठरवलं ते कळावं म्हणून. अर्जाला दोन पावत्या जोडल्यात, एक तिच्या गावची, एक आमच्या. सुनावणी सोमवारी आहे. कुणाला म्हशीच्या दुधाची दोन्ही सूत्रांनी आकडेमोड करून तपासता येत असेल तर रविवारच्या आत हवी आहे.